एटीआर ४२ की एटीआर ७२? अगत्तीला जाताना फरक पडतो

नाशिकच्या ओझर विमानतळावर पंखेवालं विमान उतरलं की 'एटीआर आलं' म्हणून विषय संपतो. एटीआर मात्र दोन आहेत, ४२ आणि ७२. पंख वरच्या अंगाला, दोन्हीकडे एकेक पंखा, प्रवासी मागच्या दारानं चढणार. लांबून दोन्ही सारखीच. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाचं तिकीट काढेपर्यंत नाशिककराचं त्यावाचून काही अडतही नाही.

ओळखायचं लांबीवरून. ४२चं धड पंखांच्या पुढे-मागे वाढवलं की झालं ७२: २२.७ मीटरचं २७.२ मीटर. तिकीट काढताना सीटचा नकाशा बघा. रांगेत चारच सीट, मधली नाहीच. रांगा बाराच्या आसपास संपल्या तर ४२, अठरा-एकोणिसापर्यंत गेल्या तर ७२. (नावातल्या आकड्यावर जाऊ नका, ७२ मध्ये ७८ सीटही बसवतात.)

खरी मेख धावपट्टीत आहे. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनानिशी उडायला ४२-६०० ला (६०० ही आताची आवृत्ती) सुमारे १,१०० मीटर लागतात, ७२-६०० ला सुमारे १,३००. अगत्तीची पट्टी साधारण १,२०० मीटर, म्हणजे नेमकी दोघांच्या मध्ये! वर तिथलं ऊन. हवा तापली की (आणि उंचीवरही) विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, पट्टी जास्त लागते. ओझरला समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंची आणि एप्रिलचा उन्हाळा दोन्ही आहेत, पण ३,००० मीटरची पट्टी ते सगळं पचवते.

म्हणून अगत्तीहून ७२ उडवायचं तर वजन उतरवावं लागतं. सामानासकट माणशी ९० किलो धरले, तर एक टन कमी करायला साधारण ११ माणसं खाली. परतीचं इंधन येतानाच भरून आणलं असेल तर हिशोब आणखी आवळतो. मग सीट रिकाम्या ठेवतात, नाहीतर बॅगा मागे राहतात. उतरताना पट्टी ओली असली की ब्रेक कमी धरतात, म्हणजे तिथेही वजनाचीच कात्री.

मग सरळ ४२ का नाही पाठवत? एका फेरीचा खर्च काही सीटच्या प्रमाणात घटत नाही. दोन वैमानिक आणि दोन इंजिनं दोन्हीकडे लागतातच, आणि तो खर्च ४८ तिकिटांतून काढायचा. गजबजलेल्या मार्गांवर ७२ परवडतं, त्यामुळे कंपनीच्या ताफ्यात तेच जास्त. बेटासाठी वेगळं विमान बाळगणं छोट्या कंपनीला जड जातं.

तुमच्या हातात उरतं ते सामान. डोक्यावरचे कप्पे दोन्हींत लहान. टणक केबिन ट्रॉली बहुधा विमानापाशीच काढून घेतात. औषधं, चार्जर, लक्षद्वीपचा प्रवेश परवाना आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. बॅग किंवा तुम्हीच मागे राहू शकता, म्हणून परतताना अगत्तीहून त्याच दिवशी पुढचं वेगळं तिकीट काढू नका. एक रात्र वाटेतल्या कोचीत धरा.