नोंदणी (टपाल) : वृत्तपत्रे आणि रजिस्टर पत्रे

भारतीय टपालखात्याच्या जुन्या नियमांत ‘रजिस्टर्ड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो. रजिस्टर्ड वृत्तपत्र म्हणजे ज्याचे नाव टपाल कचेरीच्या दप्तरी एकदा नोंदवले गेले आहे आणि म्हणून जे सवलतीच्या दरात जाते ते वृत्तपत्र. रजिस्टर्ड पत्र, बोलीभाषेत ‘रजिस्टर’, म्हणजे ज्याची वाटेत प्रत्येक हाती नोंद होते असे पत्र. पहिल्यात नोंद वर्तमानपत्राच्या नावाची असते. त्याचा अंक वाटेत हरवला तर कोणाच्याही वहीत सापडणार नाही. दुसऱ्यात नोंद त्या एकाच लखोट्याची असते. जुने अंक चाळणारा नवखा वाचक मुखपृष्ठावरचा ‘रजिस्टर्ड नं. बी’ पाहून अंक रजिस्टरने आला असे समजतो, ते या घोटाळ्यामुळेच. त्यातला ‘बी’ बॉम्बे सर्कलचा, म्हणजे मुंबईच्या टपाल विभागाचा. लाहोरकडच्या वृत्तपत्रांवर ‘एल’, मद्रासकडच्यांवर ‘एम’ दिसतो.

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने आपल्या मुलखात पत्रे वाहून नेण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. तेव्हा हशील, म्हणजे टपालाचा आकार, अंतरावर ठरे. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा हिशेब सुटला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. तिकीट न लावलेल्या पत्रावर दुप्पट आकार घेणाऱ्याच्या माथी पडे. तेच ‘बैरंग’ पत्र. पुढे १८६६ चा आणि मग १८९८ चा कायदा आला. हा शेवटचा सव्वाशे वर्षे टिकला, आणि नोंदणीचे दोन्ही प्रकार मुख्यतः त्यानेच बांधून दिले.

वृत्तपत्रे. १८९८ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये वृत्तपत्राची व्याख्या होती. मजकूर संपूर्णपणे किंवा बहुतांशी राजकीय वा इतर बातम्यांचा, त्यांवरील लेखांचा किंवा चालू विषयांचा असावा. जाहिराती असल्या तरी चालतील. दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नसावे. आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. ही तिसरी अट सर्वांत बोलकी. फुकट वाटायची जाहिरातपत्रके वर्तमानपत्राचा वेष घेऊन सवलतीत घुसू नयेत, हा तिचा हेतू.

३१ दिवसांची अट मासिकाला बरोबर पुरे, त्यापुढे नाही. द्वैमासिक व त्रैमासिक तिच्याबाहेर पडत आणि त्यांना बुकपोस्टाचा, म्हणजे छापील मजकुराच्या साध्या टपालाचा, महागडा रस्ता उरे. मराठीत साठोत्तरी काळात निघालेली ‘अनियतकालिके’ तर नावानेच या व्याख्येला बाद होती. पुरवणीलाही नियम होता : तिच्यावर मूळ अंकाचीच तारीख हवी, ती अंकाबरोबरच जायला हवी, आणि तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर वृत्तपत्राचे नाव व तारीख छापलेली हवी. घडी घातलेल्या अंकातून सुटे पान निसटले, तर ते कोणाचे हे कळावे.

अंक उघडा किंवा दोन्ही टोकांना मोकळ्या पट्टीत गुंडाळून टाकायचा, म्हणजे कारकुनाला आत डोकावता येईल. सवलत बातमीला होती, खाजगी निरोपाला नव्हती. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रे टपालातून फुकट जात त्या काळी लोक छापील अक्षरांखाली टिंबे देऊन निरोप पाठवत. असली कल्पकता मोडून काढायला उघडेपणाची अट उपयोगी पडे. मोठ्या वृत्तपत्रांना आगाऊ तिकीट न लावता गठ्ठे टाकण्याचा परवाना मिळे, मात्र ठरलेल्या कचेरीत आणि ठरलेल्या तारखांना.

ही सवलत म्हणजे सरकारच्या हातचा लगामही होता. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याप्रमाणे न निघालेले वृत्तपत्र टपालाने नेऊ नये, असा निर्बंध पुढे आला. १९१० च्या प्रेस कायद्याने संशयित छापील टपाल अडवून ठेवण्याचा अधिकार टपाल अधिकाऱ्यांना दिला. तालुक्याच्या गावी वर्गणीदार असलेल्या पत्राला टपालाखेरीज दुसरा रस्ता नव्हता. ते बंद पाडायला छापखान्याला कुलूप लावण्याची गरज नव्हती.

रजिस्टर पत्रे. रजिस्टर पत्र पेटीत टाकायचे नसे. ते खिडकीवर द्यायचे, जादा आकार भरायचा आणि पावती घ्यायची. विसाव्या शतकाच्या आरंभी हा आकार दोन आणे होता. दोन आण्यांचा ठसा उठवलेले, आडव्या-उभ्या निळ्या रेघांचे जाड पाकीट तयार मिळे. तिथून पुढे पत्र वेगळ्या पिशवीत, यादीवर चढून जाई. कारकून सॉर्टरला (टपालाची वर्गवारी करणाऱ्याला) देताना सही घेई, सॉर्टर पुढच्याला देताना सही घेई, आणि शेवटी पोस्टमन घेणाऱ्याची सही किंवा साक्षीसह अंगठा घेई. पोचपावती हवी असल्यास वेगळे पैसे.

एवढे करूनही पत्र गहाळ झाले तर? १८९८ च्या कायद्याचे कलम ६ सरकारला हानी, चुकीचा बटवडा, उशीर व नुकसान यांच्या जबाबदारीतून मोकळे करत होते. रजिस्टरने मिळे तो पुरावा. भरपाई हवी असेल तर विमा उतरवायचा, आणि ती सोय १८७८ पासून होती. त्याआधीचा व्यापाऱ्यांचा तोडगा मासलेवाईक आहे : नोट मधोमध कापायची, अर्धी आज पाठवायची, ती पोचल्याचे उत्तर आले की उरलेली अर्धी. एका अर्ध्याचा चोराला उपयोग नसे.

पुराव्याची ही किंमत खरी चढली ती कोर्टात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्ता व हशील घालून रजिस्टरने टाकलेली नोटीस नेहमीच्या टपालाने ज्या वेळी पोचली असती त्या वेळी बजावली गेली असे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे ‘घेण्यास नकार’ हा पोस्टमनचा शेरा घेऊन परत आलेला लखोटाही कामाचा ठरतो. भाडेकरूला, देणेकऱ्याला ‘रजिस्टर एडी’, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर, येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नसे.

१८९८ चा कायदा रद्द करून २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, आणि २०२५ मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन करण्यात आली. वृत्तपत्रांचा दर मात्र चिवट निघाला. ५० ग्रॅमपर्यंतच्या एका अंकाला २५ पैसे, हा दर २०११ मध्ये चार आण्यांचे नाणे चलनातून गेल्यावरही दरपत्रकात तसाच राहिला.