जुन्या सर्फबोर्डची पारख आणि दुरुस्ती

वापरलेला सर्फबोर्ड पारखून विकत घेणे, आत शिरलेले पाणी सुकवणे आणि फुटलेले कवच भरून तो पुन्हा लाटांवर नेण्याजोगा करणे, ही सर्फिंगमधली जुनी व आजही चालू असलेली प्रथा. नवा बोर्ड महाग असतो हे तिचे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे जुन्या कारागिराने हाताने तासलेला आकार पुन्हा तंतोतंत तसाच मिळत नाही. म्हणूनच चांगली दुरुस्ती आकाराला हात लावत नाही. बोर्ड कोरडा आणि पाणीबंद करून ती थांबते.

बोर्डाला आत हलका गाभा आणि बाहेर पातळ, कडक कवच असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क या बोर्ड बनवणाऱ्यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा रूढ केला. त्याआधी बाल्सा लाकडाचे बोर्ड अधिक होते. फोमच्या मधोमध उभी लाकडी पट्टी बसवतात आणि वर फायबरग्लासचे, म्हणजे काचेच्या धाग्यांचे, कापड पॉलिएस्टर रेझिनमध्ये (घट्ट होऊन कडक बनणाऱ्या चिकट द्रवात) भिजवून चिकटवतात. पुढे पॉलिस्टायरीन फोम आणि इपॉक्सी रेझिन ही दुसरी जोडी आली. हातातला बोर्ड यांतला कोणता, हे कळल्याशिवाय दुरुस्तीला सुरुवात करू नये. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनने पॉलिस्टायरीनचा गाभा अक्षरशः विरघळतो. इपॉक्सी मात्र दोन्हींवर चालते. फुटलेल्या जागी फोमचे गोल दाणे दिसले, तर तो पॉलिस्टायरीन समजावा.

वयाचा अंदाज फिनवरून, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाखाली दिशा धरण्यासाठी असलेल्या पात्यावरून, बांधता येतो. कवचातच पक्की केलेली एकच मोठी फिन सहसा जुनेपणा दाखवते. तीन फिनची मांडणी ऑस्ट्रेलियाचे सर्फर सायमन अँडरसन यांनी १९८१ च्या सुमारास लोकप्रिय केली, त्यामुळे तसा बोर्ड बहुधा त्यानंतरचा. पायाला बांधायची दोरी १९७० च्या दशकात रुळली. त्याआधीच्या बोर्डांना तिच्यासाठी जागाच नसे. अनेकांनी नंतर फिनलाच भोक पाडून ती अडकवली. पट्टीजवळ पेन्सिलीने लिहिलेली सही किंवा क्रमांक सापडला तर ओळख सोपी होते.

खरेदी करताना रंगरूपाला फसू नये. एकसारखा पिवळेपणा उन्हाने येतो. जुन्या बोर्डात तो अपेक्षितच असतो आणि एकट्या त्याच्यामुळे बोर्ड टाकाऊ ठरत नाही. भेगेभोवतीचा तपकिरी डाग मात्र पाणी मुरल्याची खूण आहे. बोर्ड आकाराच्या मानाने जड लागतो का, हे उचलून पाहावे. मात्र साठच्या दशकातला लांब बोर्ड मुळातच दहा-बारा किलो किंवा त्याहून जड असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. पृष्ठभागावर बोटांच्या पेरांनी टकटक करत जावे. जिथे आवाज बद्द येतो आणि अंगठ्याने दाबल्यावर कवच आत जाऊन पुन्हा वर येते, तिथे ते गाभ्यापासून सुटलेले असते. बंद गाडीतल्या किंवा कडक उन्हातल्या उष्णतेने हे बरेचदा घडते, आणि मोठ्या भागावर घडले असेल तर बोर्ड घेऊ नये. उभे राहण्याच्या जागी टाचांनी पडलेले उथळ पोचे निरुपद्रवी असतात. आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली रेघ दिसली, तर बोर्ड मोडून जोडलेला असण्याची शक्यता असते. विक्रीच्या तोंडावर रंगवलेल्या बोर्डाकडे मी संशयानेच पाहीन. रंगाखाली काहीही झाकता येते.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ सुकवण्यात जातो, आणि घाई नेमकी तिथेच होते. भेग मोकळी करून, तोंड खाली ठेवून बोर्ड हवेशीर सावलीत उभा करावा. आठवडे लागू शकतात. कडक उन्हात ठेवल्यास आत कोंडलेली वाफ कवच उचलते. ओलावा असताना भोक बुजवले, तर पाणी कायमचे आत राहते आणि फोम कुजत जातो.

त्यानंतर पाय घसरू नये म्हणून बोर्डावर चोळलेले जुने मेण मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे व उरलेला चिकटपणा विद्रावकाने पुसावा; मेणावर रेझिन धरत नाही. सुटे कवच आणि खराब फोम काढून खड्डा रेझिन व काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांच्या मिश्रणाने भरतात, घासून सपाट करतात, वर कापडाचे दोन थर देतात. वरचा थर खालच्यापेक्षा मोठा कापावा, म्हणजे कडा घासताना खालचे कापड कापले जात नाही. पहिल्या थरासाठीचे पॉलिएस्टर रेझिन हवेच्या संपर्कात चिकट राहते, म्हणून शेवटच्या लेपात मेण मिसळलेले रेझिन वापरतात. हे मेण पृष्ठभागावर येऊन हवा रोखते आणि लेप घासण्याजोगा होतो. मग खरखरीत पॉलिश पेपरपासून बारीककडे जात, शेवटी पाण्यासह घासतात. घासताना मूळ कापडाचे विणकाम दिसू लागले की थांबायचे.

पॉलिएस्टरमध्ये हार्डनरचे, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या रसायनाचे, प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असते. जास्त घातल्यास मिश्रण तापते, ठिसूळ होते. इपॉक्सीत तर ठरलेल्या प्रमाणाबाहेर हार्डनर घातल्याने लवकर सुकत नाही, उलट लेप मऊ राहतो. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चष्मा, हातमोजे, रसायनांच्या वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क आणि मोकळी हवा यांत तडजोड नको. काचेची धूळही फुप्फुसात जाऊ देऊ नये.

संग्राहकांना हवासा वाटणारा दुर्मीळ बोर्ड असेल, तर आधी जाणकाराला दाखवावा. मूळ लेप, मूळ चिन्हे आणि जुन्या खुणा तशाच असलेला बोर्ड घासून चकचकीत केलेल्या बोर्डापेक्षा बहुधा अधिक मोलाचा मानला जातो. तिथे भेगा पाणीबंद करून बाकी सारे सोडून देणेच योग्य.