फ्लॅग पडला नाही, तेव्हा पंचाच्या डोक्यात काय चाललं होतं?

२० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम. अमेरिकन फुटबॉलची लीग म्हणजे एनएफएल. तिच्या दोन गटांपैकी एक असलेल्या एनएफसीचा अंतिम सामना सेंट्स आणि रॅम्स या संघांत चालला होता. जिंकेल तो संघ 'सुपर बोल'मध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम लढतीत, जाणार. गुण २०-२०, घड्याळात जेमतेम पावणेदोन मिनिटं. सेंट्सच्या ड्रू ब्रीझने टॉमीली लुईसकडे चेंडू फेकला आणि चेंडू पोहोचायच्या आधीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन त्याच्यावर येऊन आदळला.

चेंडू हवेत असताना, झेलणाऱ्याच्या हाताशी येण्याआधी, त्याला असं अडवलं तर तो पास इंटरफिअरन्स. शिक्षा जबर असते. जिथे धडक झाली तिथे चेंडू ठेवायचा आणि हल्ला करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी नवे चार प्रयत्न द्यायचे. तसं झालं असतं तर सेंट्सना घड्याळ संपवत आणून अगदी शेवटी सोपी किक मारता आली असती. पण नियमभंग दिसला की पंच टाकतात तो पिवळा फ्लॅग कुणीच टाकला नाही. सेंट्सना घाईने किक मारून २३-२० वर समाधान मानावं लागलं, रॅम्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ५७ यार्डांवरून किक मारून २६-२३ असा सामना जिंकला. आपण आधीच धडकलो हे रोबी-कोलमनने सामन्यानंतर स्वतःच मान्य केलं. फ्लॅग पडायला हवा होता, हे लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनीही नंतर कबूल केलं.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर एकच निदान ऐकू येतं : पंच विकला गेला, निकाल आधीच ठरलेला होता. अमेरिकेत गेली काही वर्षं याची एक नवी अंधश्रद्धाच तयार झाली आहे. सुपर बोलच्या बोधचिन्हातले रंग पाहून अंतिम फेरीत कोण पोहोचणार हे ओळखता येतं म्हणे! २०२३ च्या चिन्हात लाल आणि हिरवा होता आणि लाल चीफ्स व हिरवे ईगल्स आले, म्हणून लोकांनी माना डोलावल्या. २०२४ च्या चिन्हात लाल आणि जांभळा होता. जांभळे रेव्हन्स उपांत्य फेरीतच चीफ्सकडून हरले, तरीही हे खूळ संपलं नाही. जुळलेलं लक्षात ठेवायचं आणि फसलेलं विसरायचं, हे पत्रिका पाहणाऱ्यांचं जुनं तंत्र तिथेही तितकंच चालतं. मला हे निदान पटत नाही. कारण प्रामाणिक, तीक्ष्ण नजरेचा पंचसुद्धा अशा चुका का करतो, याचं उत्तर विज्ञानाकडे सत्तर वर्षांपासून आहे. आणि ते कुठल्याही कटापेक्षा जास्त विलक्षण आहे.

आधी नजरेबद्दल थोडं. जोरात फेकलेला पास सेकंदाला साधारण २२ मीटर वेगाने जातो. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात दोन मीटरहून जास्त. पंचाला दोन घटनांचा क्रम ठरवायचा असतो : खेळाडू कधी धडकला आणि चेंडू कधी पोहोचला. एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे नजर उडी मारते तेव्हा मेंदूला तयारीलाच सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात चेंडूने चार मीटर कापलेले असतात. म्हणजे पंचाच्या हाती येतो तो पुरावा मुळातच धूसर.

खरी गंमत यापुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर टिपका दिसला की तो विमानाचा की नुसत्या गोंगाटाचा, हे चालकाला ठरवावं लागे. या प्रश्नाभोवती जे गणित उभं राहिलं ते १९५० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात विल्सन टॅनर आणि जॉन स्वेट्स यांनी माणसाच्या संवेदनांना लावलं. त्याचं नाव सिग्नल डिटेक्शन थिअरी. तिचं म्हणणं असं की प्रत्येक निर्णयात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, खरं आणि खोटं यांत फरक करण्याची तुमची क्षमता. दुसरी, किती पुरावा दिसला की 'हो' म्हणायचं, तो उंबरठा. क्षमता तीच ठेवून उंबरठा बदलता येतो. आपण मात्र दोन्हींना एकत्रच 'चांगला पंच' किंवा 'वाईट पंच' म्हणून मोकळे होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कागदावर शेजारी शेजारी दोन घंटाकृती वक्र काढा. आडव्या अक्षावर पंचाला जाणवलेला 'धडकेचा पुरावा'. डावा वक्र नियमात बसणाऱ्या धडकांचा, मध्य शून्यावर. उजवा नियमबाह्य धडकांचा, मध्य दोनवर. एकक आहे प्रमाण विचलन, म्हणजे वक्राच्या पसरटपणाचं माप. दोन्ही वक्र मधल्या भागात एकमेकांवर चढलेले आहेत, आणि सगळे वाद त्या भागातच जन्मतात. आता अक्षावर एक उभी रेघ मारा. पुरावा रेघेच्या उजवीकडे गेला की फ्लॅग.

रेघ बरोबर मध्यावर, एकवर, ठेवली तर दोन्ही बाजूंनी १६ टक्के चुका होतील. हे न्याय्य वाटतं. पण बहुतेक धडका कायदेशीर असतात हे विसरू नका. समजा, १०० धडकांपैकी १० च नियमबाह्य आहेत. मग ९० चे १६ टक्के म्हणजे सुमारे १४ खोटे फ्लॅग, आणि खऱ्या १० पैकी पकडले जातील ८. एकूण २२ फ्लॅग पडतील आणि त्यांतले १४ चुकीचे असतील! मैदान पिवळं होऊन जाईल.

रेघ उजवीकडे दोनवर सरकवा. आता खोटे फ्लॅग उरतात २, पण खऱ्या १० पैकी ५ निसटतात. एकूण चुका १६ वरून ७ वर आल्या. म्हणजे या उदाहरणात कमीत कमी चुका करायला निघालेला पंच सुमारे निम्मे खरे गुन्हे सोडून देणारच! हे गणित मी पहिल्यांदा सोडवलं तेव्हा उत्तर तपासून पाहावं लागलं, इतकं ते मनाविरुद्ध आहे.

आणखी एक पाऊल. एका सामन्यातल्या पंचांच्या तुकडीची रेघ दोनवर आहे, दुसऱ्या सामन्यातल्या तुकडीची दीडवर. नजर दोघांचीही तितकीच तीक्ष्ण. पहिली तुकडी १०० धडकांत ७ फ्लॅग टाकेल, दुसरी १३. जवळजवळ दुप्पट! कुणी विकलं गेलेलं नाही, कुणी आंधळं नाही, फक्त रेघ अर्ध्या एककाने हललेली आहे. एनएफएलच्या तुकड्या कडक की सैल, याचा अभ्यास संघ सामन्याआधी करतात तो याच रेघेचा.

ही रेघ सामन्याच्या आतही हलते, कारण ती दोन चुकांच्या किमतीवर ठरते. शेवटच्या मिनिटाला चुकीचा फ्लॅग टाकला तर 'पंचाने सामना ठरवला' असं म्हणतात. न टाकल्यास दोष निदान विभागला जातो. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूचा मार्ग यंत्राने नोंदला जातो, त्यामुळे तिथे हे मोजता आलं आहे. आणखी एका स्ट्राइकने (चौकोनातून गेलेल्या चेंडूने) फलंदाज बाद होणार असेल तर पंचाचा स्ट्राइकचा चौकोन नकळत आकसतो, आणि आणखी एका 'बॉल'ने (चौकोनाबाहेरून गेलेल्या चेंडूने) त्याला फुकट बेस मिळणार असेल तर तो चौकोन फुगतो. निर्णय जितका निर्णायक, तितका पंच तो घ्यायला कचरतो. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये याच्या उलट झालं. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीवर होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा, फ्लॅग पडला, त्यातून चीफ्सना घड्याळ संपवता आलं आणि ते ३८-३५ ने जिंकले. आपण जर्सी ओढली हे ब्रॅडबेरीने मान्य केलं. तरी लोक चिडले, ते त्या क्षणी रेघ डावीकडे सरकलेली दिसली म्हणून.

मग रिप्ले? २०१९ च्या गदारोळानंतर एनएफएलने एका हंगामापुरता पास इंटरफिअरन्स रिप्लेच्या कक्षेत आणला. निर्णय फिरवायचा तर चूक 'स्पष्ट आणि उघड' दिसायला हवी अशी अट होती. म्हणजे पुन्हा एक रेघच, फक्त ती आता लीगच्या न्यूयॉर्कमधल्या रिप्लेच्या खोलीत मारली जाणार होती. आपल्याला ही भानगड डीआरएसमधल्या 'अंपायर्स कॉल'मुळे चांगली ठाऊक आहे. प्रशिक्षकांची बहुतेक आव्हानं फेटाळली गेली आणि रेघ नक्की कुठे आहे हे हंगामभर कुणालाच उमगलं नाही. २०२० मध्ये नियम गुंडाळला गेला.

त्यात मंदगती चित्रणाचा स्वतःचा दोष आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना काही चित्रफिती दाखवल्या, त्यांत फुटबॉलमधली हेल्मेटवर हेल्मेट आदळण्याची एक धडकही होती. मंदगतीत पाहणाऱ्यांना तीच कृती जास्त हेतुपुरस्सर वाटली, कारण 'त्याला विचार करायला वेळ होता' असा भास होतो. प्रत्यक्ष वेळ किती लागला हे सोबत दाखवूनही तो भास पूर्ण गेला नाही. धडक आधी की चेंडू आधी, हे मंदगती चांगलं सांगते. धडक मुद्दाम होती का, यावर तिची साक्ष घेताना मात्र जपून.

आता सगळा उत्साह कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. 'पंचांची गरजच उरणार नाही' अशा बातम्या येतात, त्या सावधपणे वाचाव्यात. यंत्राला लांबी मोजता येते. किती धडक म्हणजे अडथळा, हे त्याला कुणीतरी आधी सांगावं लागतं. २०२५ च्या हंगामापासून एनएफएलने नवे प्रयत्न मिळवण्याइतकं अंतर कापलं का हे मोजायला साखळीऐवजी हॉक-आयचे कॅमेरे आणले. त्याच वर्षी २६ जानेवारीला बिल्स-चीफ्स सामन्यात चौथ्या प्रयत्नावर जॉश ॲलन माणसांच्या ढिगाऱ्यात घुसला होता. चेंडू पुरेसा पुढे गेला नाही असा निर्णय झाला आणि बिल्स पुढे २९-३२ ने हरले. पण नवे कॅमेरे पंचाने ठेवलेल्या चेंडूपासून पुढचं अंतर मोजतात. ढिगाऱ्याखाली चेंडू कुठवर पोहोचला होता, हे अजूनही बाजूच्या रेषेवरून धावत येणारा पंचच ठरवतो.