पक्षी वाचवणं वेगळं, पक्षी टिकवणं वेगळं

‘पक्ष्यांसाठी काम करायचंय, त्यातच करिअर करायचंय’ असं नाशिकमधला एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा जखमी घार असते: पट्टी बांधायची, बरी करायची, उडवून द्यायची. हा झाला बचाव. संवर्धनाचं काम निराळं, आणि तिथं पक्षी हातात क्वचितच येतो.

बचावाला कौशल्य लागतं, यात वादच नाही. संक्रांतीला येवल्यात आसाऱ्या (मांजाच्या फिरक्या) निघतात. बंदी असूनही नायलॉन मांजा कुठून तरी येतोच. त्यात बगळा गुरफटला तर दोरा ओढायचा नाही. खांद्यापासून पंखाच्या मनगटापर्यंत पातळ कातडी ताणलेली असते. ओढलं की ती फाटते. मोकळा दोरा कात्रीनं कापायचा, पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचा, चोचीत पाणी ओतायचं नाही आणि वनविभागाला १९२६ वर फोन लावायचा. वन्य पक्षी घरीच ठेवून घेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. यातच पुढं जायचं असेल तर पशुवैद्यकाची पदवी घ्यावी, हे माझं सरळ मत.

आता अंजनेरीच्या कड्यांवरची गिधाडं घ्या. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे मेलेल्या प्रौढ पक्ष्याची जागा लवकर भरत नाही. नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्यानं संपत गेली, आणि मुख्य कारण २००४ मध्ये कळलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. असं गिधाड सापडेपर्यंत बहुधा वेळ गेलेली असते. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झालं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरवर आणली गेली. गिधाडांसाठीची ही लढाई औषधाच्या दुकानात झाली!

पर्यावरण शिक्षणाचंही तेच. चित्रकला स्पर्धांतून फारसं काही निघेल असं मला वाटत नाही (बक्षीस मिळालेलं पोर खूश होतं, तेवढंच). हरसूलजवळ खोरीपाड्यात वनविभाग आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकण्याची जागा केली आहे. अशा ठिकाणी खरा विद्यार्थी म्हणजे आजारी बैलाला कुठली सुई द्यायची ते ठरवणारा शेतकरी आणि त्याचा गुरांचा डॉक्टर. डायक्लोफिनॅकऐवजी देता येणारं मेलॉक्सिकॅम गिधाडांना घातक नाही, एवढं त्याच्या गळी उतरलं तरी पुष्कळ.

पगार, फोटो, शाबासकी यांची घाई असलेल्यानं संवर्धनाकडे जपून वळावं. तिथं निकाल दिसायला वर्षं जातात. दोन्ही कामं जोडायची सोय मात्र बचाव पथकाच्या नोंदवहीतच आहे. पक्ष्याच्या नावापुढं कुठली गल्ली आणि कुठला दोरा हेही लिहिलं, तर पुढच्या डिसेंबरात दुकानं तपासणाऱ्यांना कुठं जायचं ते आधीच कळेल.