गिरणीत राबलेल्या आजोबांच्या नोंदी शोधताना अर्ज कुठे अडतो

मुंबईच्या कापड गिरणीत आयुष्य काढलेल्या आजोबांच्या किंवा आजीच्या नोंदींसाठी केलेले अर्ज परत येतात, त्यांपैकी बऱ्याच अर्जांत केवळ नाव लिहिलेले असते. गिरणीच्या दप्तरात कामगाराची खरी ओळख नावापेक्षा गिरणी, खाते आणि तिकीट नंबर, म्हणजे गिरणीने दिलेला कामगार क्रमांक, यांनी होत असे. एकाच साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, एकाच नावाची, एकाच आडनावाची आणि एकाच तालुक्यातली माणसे असत. म्हणून कोणत्याही कार्यालयात जाण्याआधी घरची ट्रंक उघडावी आणि तिकीट, लाल पास, पगाराची पावती, रजेचा कागद, ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड किंवा ग्रॅच्युइटीचा आदेश, यांपैकी काय हाती लागते ते पाहावे. यांतले काहीच नसेल, तर गावी पाठवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या आणि जुनी पत्रे फेकू नयेत. त्यांवरच्या पत्त्यावरून चाळ कळते आणि चाळीवरून गिरणीचा अंदाज बांधता येतो. आजोबा गावकरी मंडळाच्या खोलीत राहत असतील, तर त्या मंडळाची वर्गणीची वही आजही कुणाच्या तरी घरी असू शकते. आजी वाइंडिंग किंवा रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात होती असे घरात सांगत असतील, तर तिची नोंद माहेरच्या नावाने आहे का, हेही पाहावे.

गिरणीचे नाव मात्र जपून लिहावे, कारण नावे बदलली आहेत. घरात जिला जेकब ससून म्हणत, ती पुढे इंडिया युनायटेड क्रमांक १ झाली. १९७४ च्या कायद्याने अनेक आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर १९८३ मध्ये मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने घेतले. या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यामुळे त्यांच्या नोंदींची विचारणा तेथे करावी. अर्जात जुने आणि नवे, दोन्ही नावे द्यावीत.

सर्वांत जास्त गैरसमज १ जानेवारी १९८२ या तारखेबद्दल आहे. ही तारीख म्हाडाच्या गिरणी कामगार घरकुलांच्या पात्रतेची आहे: त्या दिवशी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर असावा लागतो आणि तो हयात नसेल, तर वारस अर्ज करू शकतात. १९७८ साली निवृत्त झालेल्या कामगाराची नातवंडे या योजनेसाठी वर्षानुवर्षे खेटे घालताना दिसतात आणि त्यांना पहिल्याच दिवशी हे कोणी स्पष्ट सांगत नाही, याचा राग येतो. मात्र घर मिळणार नाही, याचा अर्थ नोंद मिळणार नाही असा नव्हे.

भविष्य निर्वाह निधीची योजना १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाली आणि ईएसआय मुंबईत १९५४ मध्ये आले. त्याआधीच गिरणी सोडलेल्या पणजोबांचा क्रमांक या दोन्ही कार्यालयांत शोधण्यात वेळ घालवू नये.

माहिती अधिकाराचा अर्ज येथे उपयोगी पडतो, पण तो चुकीच्या पद्धतीने केला की फेटाळला जातो. राज्य शासनाच्या कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. वस्त्रोद्योग महामंडळ, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय ही केंद्राच्या अखत्यारीतील कार्यालये असल्याने तेथे पोस्टल ऑर्डर किंवा डिमांड ड्राफ्ट जोडावा. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत मांडावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आलेच नाही, तर ही मुदत संपल्यापासून पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करायचे असते. अनेक जण उत्तराची वाट पाहत बसतात आणि अपिलाचीच मुदत घालवतात. कामगाराचा मृत्यूचा दाखला आणि आपले नाते दाखवणारा कागद पहिल्याच अर्जाला जोडावा, म्हणजे त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून नकार मिळण्याची शक्यता कमी होते. बंद पडलेल्या खासगी गिरणीला हा कायदा थेट लागू होत नाही. तिचा कारभार अवसायकाकडे (लिक्विडेटरकडे) गेला असेल, तर लेखी विनंती त्याच्याकडे करावी.

गावाकडची बाजू तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडते. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, पण जन्माची नोंद नामकरणाआधी झाल्याने मुलाचे नावच अनेकदा नसते. फक्त बापाचे नाव आणि ‘मुलगा’ एवढेच लिहिलेले असते. आजोबांच्या नावाने शोधून ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर घेऊन परतलेली माणसे मी पाहिली आहेत आणि ती नोंद दोनच पाने पुढे पणजोबांच्या नावाखाली असल्याचेही पाहिले आहे. म्हणून शोध बापाच्या नावाने, अंदाजे सालाच्या मागेपुढे पाच वर्षे धरून मागावा आणि एका ओळीऐवजी संपूर्ण पानाची प्रमाणित नक्कल घ्यावी. पान मोडीत असेल, तर लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्यावे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहिले, की नाव, जन्मतारीख आणि गाव एकत्र मिळतात.

गिरणीने लिहून घेतलेले वय आणि शाळेतली जन्मतारीख जुळली नाही, तर घाबरू नये. भरतीच्या वेळी वय बहुधा अंदाजानेच लिहिले जाई. अशा वेळी अर्जात एक तारीख खोडून दुसरी बसवू नये, कारण खाडाखोडीचा अर्ज संशयास पात्र ठरतो. दोन्ही कागद जसे आहेत तसे जोडावेत, त्यांतील फरक स्वतःच लिहून दाखवावा आणि दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत द्यावे.