बटण दाबलं, पंखा हलला, पुन्हा शांत

कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हटलं की पहिला संशय बटणावर जातो. आपण ते जोरात दाबतो, मग धरून ठेवतो, मग कॅबिनेटला एक चापट बसते. घरातल्या दिव्याच्या बटणाची सवय असते ना, दाबलं की वीज पुढे गेली! डेस्कटॉपचं बटण मात्र असं काम फार पूर्वीच सोडून बसलंय.

१९९५ मध्ये इंटेलने डेस्कटॉपसाठी एटीएक्स नावाची रचना आणली. त्याआधीच्या एटी कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत खरोखरच घरातली २३० व्होल्टची वीज जाड वायरीने यायची आणि बटण खटकन आत जाऊन बसायचं. एटीएक्समध्ये बटणामागे दोन बारीक वायरी उरल्या. दाबलं की त्या क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात, बस्स. हे बटण म्हणजे दारावरची बेल. दार उघडायचं की नाही ते आतलं कुणीतरी ठरवणार.

आणि बेल ऐकायला आत कुणीतरी जागं असावं लागतं. म्हणून 'बंद' कॉम्प्युटर पुरता बंद नसतोच. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसमधलं (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) एक छोटं सर्किट अखंड चालतं आणि जांभळ्या वायरीतून मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाला, ५ व्होल्ट पुरवत राहतं. हा झाला स्टँडबाय. बटण दाबलं गेल्याचं बोर्डावरच्या चिपला कळलं की ती हिरव्या वायरीवरचं व्होल्टेज शून्याकडे खेचते. एवढ्यावर एसएमपीएसचा मुख्य भाग जागा होतो. पिवळ्या वायरीत १२, लालमध्ये ५, नारिंगीत ३.३ व्होल्ट येतात. पण प्रोसेसर अजून रोखून धरलेलाच असतो. व्होल्टेज जागेवर आल्याची खात्री करून, १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून, एसएमपीएस राखाडी वायरीवर 'सगळं ठीक' असा निरोप देतो. तेव्हा कुठे प्रोसेसर मोकळा होतो आणि बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. (हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात. तिथे रंग शोधू नका, पिनची जागा बघा.)

दोष शोधायचा म्हणजे ही साखळी कुठवर येऊन थांबली ते शोधायचं. त्यासाठी निदान सुरुवातीला तरी मीटर लागत नाही, डोळे आणि कान पुरतात.

काहीच होत नसेल, ना दिवा ना पंख्याची हालचाल, तर साखळी सुरूच झालेली नाही. एक्स्टेन्शन बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच कुणी झाडताना बंद केलाय का ते बघा, कॉर्ड दाबून बसवा. मग प्लग काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा लावा. एसएमपीएसने काही गडबड ओळखून स्वतःला बंद करून घेतलं असेल, तर वीज पूर्ण तुटल्याशिवाय तो त्या अवस्थेतून बाहेर येत नाही. बटणावरच संशय असेल, तर त्याच्या दोन वायरी मदरबोर्डवर जिथे टोचल्या आहेत तिथून काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष बटणात. दुकानात पहिल्यांदा हेच करतात.

आता एक कोडं. वर्षानुवर्षं रोज चालणारा कॉम्प्युटर गणपतीला गावी जाताना मेन स्विचपासून बंद केला, परत आल्यावर लावला तर ठार मेलेला. कुणी हात लावला नव्हता, वीज पडली नव्हती. इथे गुन्हेगार बहुतेक वेळा स्टँडबायच्या सर्किटमधला चणाडाळीएवढा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असतो. त्याच्या आत द्रवात भिजलेला कागद असतो आणि तो द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. मुख्य भाग दिवसाचे काही तास चालतो, स्टँडबाय मात्र चोवीस तास, त्यामुळे तिथला कपॅसिटर आधी वाळतो. वाळलेला कपॅसिटर गरम असताना कसंबसं काम रेटतो. थंड झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि सर्किट नव्याने सुरू करायला लागणारा धक्का त्याला देता येत नाही. म्हणजे तो आधीच संपत आला होता, सलग चालू असल्यामुळे कळत नव्हतं इतकंच.

कपॅसिटरनी एकदा अख्ख्या उद्योगाला घाम फोडला होता. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर गेले. आत वायू साठून त्यांची डोकी फुगत, फुटत. डेलला आपल्या ऑप्टिप्लेक्स कॉम्प्युटरांच्या दुरुस्तीपोटी २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कपॅसिटरच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते ती याचसाठी, दाब वाढला तर तिथून सुटावा म्हणून. जुना बोर्ड उघडलात तर ही डोकी बघा. सपाट असली तर ठीक, फुगलेली किंवा तपकिरी डाग पडलेली असली तर दोष सापडला. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. २३० व्होल्टचं डीसी केलं की शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं होतं, आणि आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तो दाब काही काळ धरून राहू शकतो.

पंखा अर्धा फेरा हलून थांबतो, तेव्हा बातमी खरं तर चांगली असते. निरोप पोचला, एसएमपीएस उठला, पण कुठेतरी शॉर्ट दिसला म्हणून त्याने माघार घेतली. आता एकेक वस्तू काढत जायचं. प्रत्येक वेळी आधी प्लग काढा. ग्राफिक्स कार्ड, हार्डडिस्क, यूएसबीला लावलेलं सगळं. कॅबिनेटमध्ये सांडलेला स्क्रू बोर्डाखाली अडकलेला निघतो, कधी यूएसबीच्या सॉकेटमधली वाकलेली पिन, आणि पावसाळ्यात जाळीतून शिरलेली पाल हासुद्धा अतिशयोक्तीचा प्रकार नाही.

पंखे नीट फिरतात पण पडदा काळा, हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यात रॅमचा नंबर पहिला. दमट हवेत रॅमच्या आणि खाचेच्या संपर्कावर पातळ थर चढतो. रॅम काढून सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या, कचरा झटकायचा आणि दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत दाबायची. गावठी वाटणारा हा इलाज बऱ्याचदा लागू पडतो. प्रोसेसरला १२ व्होल्ट देणारा चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर बसवायचा राहिला, तरी पंखे फिरतात आणि बाकी सगळं गप्प. बऱ्याच नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो लागून राहील तिथे अडलंय. नवी डीडीआर५ रॅम घातली असेल तर मात्र घाई नको. पहिल्यांदा ती जुळवून घ्यायला काही मिनिटंही लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो.

एवढं करूनही संशय एसएमपीएसवर येऊन थांबला, तर दुसरा एसएमपीएस लावून बघणं हीच खरी चाचणी. हिरवी आणि काळी (शून्य व्होल्टची) वायर क्लिपने जोडून पंखा फिरवून दाखवतात त्यावर फार विसंबू नये, कारण भार नसताना आजारी एसएमपीएसही गोंडस वागतो. आणि उसना एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या होणारा, असेल तर त्याच्या केबलीही त्याच्याच हव्यात. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. जुन्या केबली तशाच ठेवून नवा डबा जोडला, तर ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन धडधाकट हार्डडिस्क जळू शकते.