वास उग्र असला, तरच स्टॉप बाथ खरा?

फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, म्हणजे डार्करूममध्ये, चित्र उमटवणाऱ्या रसायनाला डेव्हलपर म्हणतात आणि त्याचे काम थांबवणाऱ्या द्रावणाला स्टॉप बाथ. 'नाकाला झोंबत नाही, तो स्टॉप बाथ डेव्हलपरला रोखत नाही', ही डार्करूममधली जुनी समजूत. ती रुजणे स्वाभाविकच, कारण नेहमीच्या स्टॉप बाथमध्ये गोव्यातल्या माडाच्या व्हिनेगरला वास देणारे ॲसेटिक आम्लच असते. प्रत्यक्षात डेव्हलपर अल्कधर्मी द्रावणात काम करतो आणि त्याला थांबवते ती आम्लता. वास केवळ त्या आम्लाच्या वाफेचा. सायट्रिक आम्लाची अशी वाफ होत नाही, म्हणून लिटरभर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवले, तर पावसाळ्यात दारे-खिडक्या लावलेल्या खोलीतही तेच काम वासाविना होते. खात्रीसाठी निळा लिटमस कागद बुडवावा. तो तांबडा झाला तर द्रावण चांगले. बऱ्याच प्रिंटनंतर निळाच राहू लागला, तर ते बदलावे. साठवू मात्र नये, दमट हवेत त्याला बुरशी धरते.